पत्ता

खोटें बोलण्यासाठीं समोर ऐकणारा माणूस असावाच लागतो काय? आपल्या पूर्वजांना हा प्रश्न पडण्याचें कारण नव्हतें. मला तो कार्डिफ येथें, मुलाच्या बिऱ्हाडीं, भिंतीवरील स्मार्ट टीव्हीसमोर बसलों असतां पडला.

मालिकेचा चुकलेला भाग मागाहून सवडीनें पाहण्याची सोय आतां घरोघर झाली आहे. पुण्यास आमच्या सौभाग्यवतींना जी मालिका पाहण्याची संवय जडली होती, ती वेल्समध्येंहि दिसावी म्हणून मुलानें थोडी खटपट केली. परदेशस्थ मराठी प्रेक्षकांसाठीं त्या अ‍ॅपची वर्गणी निराळी, आणि भारतांतल्या वर्गणीहून पुष्कळच जड. तेव्हां वर्गणी भरली ती पुण्याची, माझ्या नांवानें व माझ्या फोनवरून. टीव्हीनें देश विचारतांच 'भारत' असें सांगितलें. आणि राउटरवर व्हीपीएन बसविलें. आंतरजालाच्या प्रत्येक जोडणीला एक क्रमांक असतो व त्यावरून पाहणाऱ्याचा देश ओळखतात. व्हीपीएन तो क्रमांक झांकून परदेशांतला दुसराच पुढें करतें. टीव्ही कार्डिफमध्यें, आम्ही टीव्हीसमोर, आणि पत्ता मात्र भारतांतला! मला यांत कांहींच वावगें वाटलें नाहीं. उलट मुलाच्या हुशारीचें कौतुकच वाटलें.

शेजारीं एक वृद्ध बाई राहत. त्यांची मातृभाषा वेल्श. त्यांची थोरली बहीण उतारवयांत स्पेनच्या समुद्रकांठीं जाऊन राहिली आहे. दोघींना एकच वेल्श मालिका प्रिय. परंतु बहिणीनें तिकडे ती उघडली कीं 'आपल्या देशांत उपलब्ध नाहीं' एवढीच ओळ पडद्यावर उमटे. मुलानें सौजन्यानें आमची युक्ति त्यांना सांगितली. बाई हंसल्या आणि म्हणाल्या, "माझी बहीण स्पेनमध्यें आहे. ती तेथें नाहीं असें तिनें कां म्हणावें?"

एवढें बोलून त्यांनीं चहा ओतला. विषय तेथेंच संपला. माझा मात्र संपला नाहीं.

या बाईंचा हक्क आमच्याहून किती तरी मोठा होता. वेल्श भाषेला स्वतःची दूरचित्रवाणी मिळाली ती कोणी सहज दिलेली नाहीं. १९७९ सालीं दिलेलें वचन ब्रिटिश सरकारनें मोडलें, तेव्हां वेल्श राष्ट्रीय पक्षाचे अध्यक्ष ग्विन्फर एव्हान्स यांनीं १९८० मध्यें प्राणांतिक उपोषण करण्याचा निश्चय जाहीर केला. उपोषणाचा दिवस येण्यापूर्वींच सरकार नमलें व १ नोव्हेंबर १९८२ रोजीं 'एस्‌ फोर सी' ही वाहिनी सुरू झाली. २०२१ च्या शिरगणतींत वेल्समध्यें ही भाषा येणारे लोक सुमारें ५ लाख ३८ हजार भरले. आपल्या एखाद्या मध्यम शहराएवढे. एवढ्या लोकांच्या वर्गणीवर वाहिनी चालणें शक्य नाहीं. म्हणून ती सार्वजनिक पैशावर चालते, आणि २०२२ पासून तो पैसा सर्वस्वीं टीव्हीच्या परवाना-शुल्कांतून येतो. त्या बहिणीनें तें शुल्क आयुष्यभर भरलें होतें.

येथेंच एक विलक्षण गोष्ट दृष्टीस पडते. जी भाषा बाजारांत विकली जाते ती समुद्र ओलांडून जाते. जी सर्वांच्या मालकीची म्हणून राखली आहे ती सीमेवर अडते. अर्थात् हें कुंपण कोणी दुष्टपणानें घातलेलें नाहीं. संगीताचे, संहितेचे, नटांचे हक्क देशागणिक विकत घ्यावे लागतात, आणि सार्वजनिक पैसा ज्या देशाचा, त्याच देशापुरता तो खर्च होतो. हा हिशेब मला पटतो. पण मातृभाषेचा हक्क राहत्या घराशीं बांधावा हें मनाला पटत नाहीं. या दोहोंचा मेळ कसा घालावा तें मला अजून उमगलेलें नाहीं.

मुलाशीं मीं हा विषय काढला. तो म्हणाला, "बाबा, यंत्राशीं खोटें बोललें तें काय खोटें? आणि तुमच्या नातीच्या कानांवर आमच्या दोघांखेरीज मराठी पडते ती एवढीच." दुसरें वाक्य ऐकून मी गप्प बसलों. असत्याचे अपवाद शास्त्रकारांनींहि सांगितले आहेत. टिळकांनीं 'गीतारहस्या'च्या (१९१५) कर्मजिज्ञासेच्या प्रकरणांत त्यांचा ऊहापोह केला आहे; उलट कांट याला १७९७ च्या निबंधांत मारेकऱ्याशीं खोटें बोलणेंहि मान्य नव्हतें. पण या थोरांच्या वादांत कोणाचा तरी प्राण टांगलेला असतो. आमच्या घरीं फार तर मालिकेचा एक भाग बुडत होता, आणि जड वर्गणी भरण्याची मुलाची ऐपत नव्हती असेंहि नाहीं. शिवाय यंत्र हा केवळ द्वारपाल. त्याच्या मागें लिहिणारे, गाणारे, दिवे धरणारे लोक असतातच.

तरीहि मला जें लागलें तें हें नव्हे. शेजारीणबाईंची बहीण दरवर्षीं वाहिनीला पत्र लिहिते: मी अमुक ठिकाणीं राहतें, मला माझी भाषा ऐकावयाची आहे. पत्राखालीं स्पेनचा खरा पत्ता असतो. अजून मालिका मिळालेली नाहीं. पण त्या गांवीं एक वेल्श बाई आहे हें कोणाच्या तरी दप्तरीं नोंदलें गेलें आहे. आमची नोंद कोठें आहे? त्या अ‍ॅपच्या हिशेबीं कार्डिफच्या त्या घरांत मराठी बोलणारें कुटुंब नाहींच. पुण्यांतला एक म्हातारा रोज मालिका पाहतो, एवढेंच.

तोंपर्यंत त्या दोघी बहिणी फोनवर भेटतात. धाकटी भाग पाहते आणि थोरलीला तो सगळा सांगते, पात्रांच्या नकलांसह. भिंतीपलीकडून त्यांचें हंसणें मीं पुष्कळदां ऐकलें आहे.

आतां आम्ही पुण्यास परत आलों आहों. गेल्या महिन्यांत वर्गणीची मुदत संपली. रात्रीं अकराच्या सुमारास मुलाचा फोन आला, "बाबा, ओटीपी आला का?" आला होता. मीं चष्मा लावला आणि एकेक आंकडा वाचून दाखविला.