आता घरी घेऊन जा

नागपूरहून पांढुर्णा-सौंसरकडे परतणाऱ्या कितीतरी गाड्यांमध्ये हे वाक्य पेशंटसोबत घरी येते. डॉक्टर म्हणतात, "आता घरी घेऊन जा." घरचे मान खाली घालून ऐकतात, फाइल पिशवीत जाते आणि वाटेत कोणी कोणाशी बोलत नाही.

माझ्या मोठ्या बाबांना आम्ही असेच आणले. तंबाखूच्या खर्ऱ्याने झालेल्या कर्करोगाने जबडा पोखरला होता. ओसरीवर खाट टाकली. गालाच्या जखमेला इतका वास यायचा की नातवंडे दारातूनच मागे फिरायची. मोठ्या बाबांना ते कळत होते. ते दुपट्टा तोंडावर ओढून घ्यायचे. रात्री दुखणे चढले की खाटेचा गात दोन्ही हातांनी गच्च धरायचे, पण ओरडायचे नाहीत. अकरा रात्री हे चालले. मेट्रोनिडाझोलची गोळी कुटून अशा जखमेवर भुरभुरली की वास बराच कमी होतो, हे मला फार पुढे कळले. कुठल्याही मेडिकलमध्ये मिळणारी गोळी! आम्हाला कोणी सांगितले नाही, हे खरे. पण आम्ही तरी कुठे विचारले?

बरे करणारा उपचार संपला म्हणजे उपचारच संपला, असे आपण धरून चाललो आहोत. दुखणे, धाप, मळमळ, पाठीला पडलेल्या जखमा, रात्रीची भीती या सगळ्यांवर इलाज आहे. तो घरी, खाटेवरही करता येतो. त्यालाच पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. मुंबईत वांद्र्याला शांती आवेदना सदन १९८६ पासून हे काम करते. कोझिकोडला १९९३ साली काही डॉक्टरांनी सुरुवात केली, आणि पुढे केरळात शेजारीपाजारीच शिकून घरोघर जाऊ लागले. नागपुरातही स्नेहांचल आहे. आपल्याकडचे किती जण तिथवर पोहोचतात?

दुखण्याचेच घ्या. कर्करोगाच्या असह्य वेदनेवर मॉर्फिनसारखे औषध नाही. ते अफूपासून होते, आणि ती अफू सरकारी परवान्याने आपल्याच मध्य प्रदेशात, मंदसौर-नीमचच्या शेतांत पिकते. नीमचला सरकारचा कारखाना आहे. त्याच राज्याच्या या टोकाला म्हातारा माणूस खाटेचा गात धरून रात्र काढतो, याची मला लाज वाटते. १९८५ च्या अंमली पदार्थ कायद्याने परवान्यांची अशी गुंतागुंत केली की दवाखान्यांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले. २०१४ मध्ये संसदेने दुरुस्ती करून वाट मोकळी केली. तरी आपल्या मनातली भीती गेली नाही. "सवय लागेल," म्हणतात. "त्याने माणूस लवकर जातो," म्हणतात. डॉक्टरांनी बेताने मात्रा ठरवली, तर मॉर्फिनने मरण ओढवत नाही. पोट मात्र साफ होत नाही. त्यासाठी सोबत रेचक देतात.

दुसरी चूक आपल्या घरातली आहे. लोक काय म्हणतील, म्हणून आपण शेवटच्या आठवड्यात संत्र्याचा बगीचा गहाण टाकून माणसाला नळ्यांमध्ये ठेवतो. त्याला काय हवे, ते विचारत नाही. आजार कोणता, हेही सांगत नाही. गेल्यावर तेरवीला अख्खे गाव जेवते. जेवणाऱ्यांत एकही जण विचारत नाही की त्याचे शेवटचे दिवस कसे गेले.

वर्ध्याजवळचे पवनार इथून काही फार लांब नाही. नोव्हेंबर १९८२ मध्ये विनोबांनी तिथे औषध आणि अन्न नाकारले, आणि १५ तारखेला देह ठेवला. सगळ्यांनी तसे करावे असे मी मुळीच म्हणत नाही. पण त्यांची इच्छा त्यांच्या माणसांनी मानली. आता कायदाही सोबत आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला. आपल्याला पुढे कोणता उपचार नको, हे शुद्धीत असताना लिहून ठेवता येते; दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी, एवढ्यावर ते होते. ही सोपी पद्धत २०२३ मध्ये आली.

त्याच वर्षी पांढुर्णा जिल्हा झाला, सौंसर त्यात आले. आता जिल्ह्याकडे काही मागायला हवे. आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या बारा सेवांमध्ये म्हातारपणाची आणि पॅलिएटिव्ह सेवा कागदावर आहेच. ती गावात उतरू द्या. पांढुर्ण्याला आणि सौंसरला मॉर्फिन ठेवा, ते कसे द्यायचे हे शिकलेला डॉक्टर ठेवा, आणि आशाताईंना जखम धुणे, कूस बदलणे, तोंड ओले ठेवणे शिकवा. पांढुर्ण्याच्या गोटमारीला, त्या दगडफेकीच्या जत्रेला, दरवर्षी डॉक्टर, अॅम्ब्युलन्स, पोलीस सगळे जमवता येतात. मग हे का जमू नये?

गेल्या वर्षी मोठ्या आईची पाळी आली. पोटाचा कर्करोग. या वेळी मी खाटेशी बसून सरळ विचारले. ती थोडा वेळ आढ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मले आता दवाखान्यात नका नेऊ. पण दुखू देऊ नका."

नागपूरहून मॉर्फिनच्या गोळ्या आणल्या. दर चार तासांनी, रात्रीची थोडी जास्त. तिसऱ्या दिवशी ती कुशीवर वळून झोपली. जेवण सुटले तेव्हा आम्ही घास कोंबला नाही. भूक जाणे हे आजाराचेच असते, असे डॉक्टरांनी समजावले होते. जायच्या आदल्या संध्याकाळी तिने संत्रे मागितले. मी बगीच्यातले तोडून आणले, फोडीची साल काढली. तिने ती जिभेवर धरली, रस गिळला आणि उरलेला चोथा माझ्या तळहातावर ठेवला. मग दुसऱ्या फोडीसाठी तोंड उघडले.