ओझे होण्याचे भय

तारुण्यात 'मी कोण होणार?' या प्रश्नाभोवती माणसाच्या आशा फिरत असतात. हेझल मार्कस व पॉला न्यूरियस या अमेरिकन विदुषींनी १९८६ साली मनातील अशा भावी प्रतिमांना 'संभाव्य स्व' असे नाव दिले. आपण जे होऊ इच्छितो आणि जे होण्यास भितो, ते दोन्ही त्यात येते. वयोमानाने या प्रतिमा पालटतात. मिळवण्याची आकांक्षा मागे पडते व आहे ते टिकावे, हातपाय चालते राहावेत, ही आशा पुढे येते.

आजाऱ्यांना घरी कम्युनियन देण्यास आम्ही जातो, तेव्हा मरणाचे भय फार थोडे वृद्ध बोलून दाखवतात. "फादर, कुणावर ओझे होऊन पडू नये, एवढीच प्रार्थना करा," हे मात्र घरोघरी ऐकू येते.

या मागणीत प्रेम असते. मुलांची धावपळ, घरातील अपुरी जागा वृद्धांना दिसत असते. तरीही त्या भयात थोडा अभिमान दडलेला नसतो का? इतरांना त्रास होऊ नये असे वाटणे ही माया होय; पण आपल्याला कुणाची गरजच पडू नये असे वाटणे, ही माया म्हणता येईल का? शेवटच्या भोजनाच्या वेळी प्रभू पाय धुऊ लागला, तेव्हा पेत्राने आधी नकारच दिला. सेवा करून घेणे त्याला जड गेले.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९९ साली, वयाच्या ७९ व्या वर्षी, वृद्धांना उद्देशून पत्र लिहिले. पुढे कंपवाताने जर्जर झालेले शरीर त्यांनी २००५ साली मृत्यू येईपर्यंत जगापासून लपवले नाही. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २०१३ साली आपली शक्ती ओसरल्याचे सांगून पद सोडले. वाटा भिन्न, परंतु आपली दुर्बलता उघडपणे मान्य करण्याचे धैर्य दोघांनीही दाखवले.

तरुणांनीही अंतर्मुख व्हावे. 'ओझे' हा शब्द वृद्धांनी पुष्कळदा आपल्याच चेहऱ्यावर वाचलेला असतो. औषध घेतले का, एवढेच न विचारता, आता काय करावेसे वाटते, कुणाला भेटावेसे वाटते, हेही त्यांना विचारावे. आणि कुणी आधाराला हात पुढे केला, तर वडीलधाऱ्यांनी तो निःसंकोच धरावा.