घाटातली बाई

हिंजवडीत आता रात्री दोन वाजतासुद्धा अंधार सापडत नाही. आयटी पार्क यायच्या आधी मात्र दिवेलागण झाली की आमच्या गावाला भुतांच्या गोष्टींशिवाय दुसरी करमणूक नव्हती. मुंजा पिंपळावरचा, चकवा माळावरचा आणि हडळ घाटातली, अशी सगळ्यांची हद्द ठरलेली. आजी सांगायची, "ताम्हिणीकडनं येताना कुनी बाईनं हात केला तर थांबू नगं. मागं वळून तर बघूच नगं."

ती गोष्ट अजून चालूच आहे. ताम्हिणीत काय, कसाऱ्यात काय, ड्रायव्हर लोक तेच सांगतात. पांढऱ्या साडीतली बाई गाडीला हात करते. तिला टाळून पुढं जावं, तर पुढच्या वळणावर तीच उभी. बैलगाडी गेली, कॅब आली, लुगड्याची साडी झाली, पण बाई काही हलली नाही.

ती खरी की खोटी, हा प्रश्न मला फार अवघड वाटत नाही. पहाटेच्या दोन ते पाचच्या वेळेत शरीर झोप मागतं आणि डोळे उघडे असतानाही क्षणभर डुलकी लागते. त्यात धुकं, त्यावर दिव्यांचा झोत, मग आकार दिसायला कितीसा वेळ लागणार? भुताच्या धाकानं एखाद्यानं वेग कमी केला, रात्रीचा घाट टाळला, तर आजीचं खोटं पुण्याचंच म्हणायचं.

अवघड प्रश्न पुढं आहे. त्या वळणावर खरीच बाई उभी असली तर? गाडी दरीकडं कलंडलेली, नवरा आत अडकलेला आणि ती रस्त्यावर येऊन हात करतेय. "थांबू नगं" ही शिकवण तिच्या वाट्याला काय देते?

हडळ कोण, हेही बघा ना. बाळंतपणात गेलेली बाई हडळ होते, असं म्हणतात. जिला वेळेत सुईण मिळाली नाही, दवाखान्याकडं न्यायला सडक नव्हती, तिचंच आपण भय करून ठेवलं. कसूर कुणाची आणि नाव कुणाचं!

बोरघाटात शिंग्रोबाचं देऊळ आहे. इंग्रजांना घाटातली वाट दाखवणाऱ्या धनगराला त्यांनीच मारलं, अशी कथा आहे. येणारे-जाणारे ड्रायव्हर त्याच्यापुढं नाणं टाकतात. त्याचं ऋण निदान आठवलं तरी जातं. त्याच घाटात १८५६ ते १८६३ या काळात रेल्वे झाली. पटकीनं आणि अपघातांनी मजूर हजारोंनी मेले. ठेकेदार ट्रेडवेल १८५९ मध्ये आला आणि थोड्याच दिवसांत वारला. पुढं काम त्याच्या बायकोनं, ॲलिसनं, तडीस नेलं. या दोघांची नावं पुस्तकात राहिली. मजुरांना ना देऊळ मिळालं, ना त्यांचं भूत झालं. म्हणजे मेल्यावर देव व्हायचं, भूत व्हायचं की काहीच नाही, हेसुद्धा जिवंत माणसंच ठरवतात.

न थांबण्याचं दुसरं एक भूत होतं, पोलिसांच्या लफड्याचं. जखमीला उचललं की कोर्टाच्या फेऱ्या मागं लागतील, ही भीती हडळीपेक्षा खरी होती. मदत करणाऱ्याला त्रास देऊ नये, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१६ साली बजावलं आणि २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यातच तशी तरतूद झाली. ते भूत तरी कागदावर उतरवलं गेलं.

राहता राहिली बाई. एकट्यानं अंधारात उतरा, असं मी कुणाला सांगणार नाही. लुटारूही हात करतात. पण काच बंद ठेवून, पुढं उजेडात जाऊन १०८ किंवा ११२ ला फोन लावता येतो. ती भूत निघाली तर आपला एक फोन वाया गेला. आणि माणूस निघाली, अन् आपण फोनही केला नाही, तर त्या वळणावर आणखी एका हडळीची भर आपणच घातली, असं होईल.