विनियोग आणि पावित्र्य

घरात एका कामासाठी आणलेला जिन्नस दुसऱ्याच कामाला लावला तर त्याचा मूळचा धर्म ढळतो काय, आणि ते काम नादोपासनेचे साधन घडविण्याचे असेल तर त्या जिनसाला पावित्र्य येते काय, हा प्रश्न तंतुवाद्यांच्या कारखान्यात उभे राहणाऱ्या विचारी माणसास टाळता येण्याजोगा नाही. एकोणिसाव्या शतकात मिरजेच्या शिकलगारांनी शस्त्रांना धार लावणारा आपला हात सतार-तंबोऱ्यांच्या हुन्नराकडे वळविला, आणि तेथे वाळलेला भोपळा नादाचे घर झाला. सरस सुकेपर्यंत सांधा आवळून धरण्यास वाद्यकाराला साधी सुतळी पुरते. फुटक्या काचेची कड लाकडावरून हलकेच ओढली की रंध्याने मागे ठेवलेला खडबडीतपणा पातळ सालींनी निघून येतो. आणि शिवणाच्या दोऱ्याचा बोटभर तुकडा तार व घोडी यांच्यामध्ये केसभर सरकविताच, तोवर बंद वाटणारा षड्ज आपल्या सर्व उपस्वरांसह उमलतो.

आमच्या यज्ञशास्त्राने या प्रश्नाचा विचार फार पूर्वी केला आहे. तैत्तिरीय संहितेने ज्या 10 वस्तूंना यज्ञायुधे म्हटले, त्यांत सूप, उखळ, मुसळ आणि पाटा-वरवंटा ही स्वयंपाकघरातलीच मंडळी आहेत. शिवाय ज्या कपालावर, म्हणजे मातीच्या खापरीवर, पुरोडाश हा यज्ञातील रोट भाजावयाचा त्यानेच कोंडाही टाकावा, असे विधान आहे. आणि जैमिनीच्या मीमांसासूत्रांच्या चौथ्या अध्यायातील निर्णय असा की, कपालाचे प्रयोजक पुरोडाशच होय, कोंड्याचे काम त्याच्याकडून ओघाने करून घेतले जाते.

या निर्णयात मला दोन तत्त्वे दिसतात. पावित्र्य वस्तूच्या जातीत नसून विनियोगात आहे, हे पहिले. आणि नवा विनियोग जुने प्रयोजन खारीज करीत नाही, हे दुसरे. मग कोणतीही वस्तू कोठेही वापरण्याची सनद मिळाली काय, असे कोणी विचारील. नाही, विनियोगाला हेतूची शुद्धता आणि हाताचा अधिकार हवा, आणि तो अधिकार केसभर अंतराची पारख करणाऱ्या कानाने वर्षानुवर्षांच्या साधनेतून मिळविलेला असतो.

म्हणून वाचकांना विनंती एवढीच की, ज्यांच्या घरी खंडेनवमीला हत्यारे पूजेस मांडण्याचा शिरस्ता आहे, त्यांनी कामास आलेली सुतळी आणि दोराही त्या पंक्तीत मांडावा. तो त्या सुतळी-दोऱ्याचा हक्क आहे, मेहेरबानी नव्हे.