मांडी आणि टांगा



आजचं वाचन : श्रीमद्भागवत, चौथा स्कंध, आठवा अध्याय.

ध्रुवाची गोष्ट आपल्या सगळ्यांना पाठ आहे. म्हणूनच ती जरा सावकाश वाचावी लागते. उत्तानपाद राजाच्या मांडीवर उत्तम बसलेला. पाच वर्षांचा ध्रुवही चढायला गेला. सुरुचीनं त्याला अडवलं. माझ्या पोटी जन्मला असतास तर ही जागा मिळाली असती, असं सुनावलं. राजा गप्प बसला. लेकरू रडत आईकडे गेलं.

पुढं रानाच्या वाटेवर नारद भेटले. ते आधी काय म्हणाले, ते पाहा. तू तर खेळायच्या वयाचा, तुला कसला मान आणि कसला अपमान! म्हणजे आपण घरोघरी म्हणतो तेच, "त्यात काय एवढं?" ध्रुवानं ते मानलं नाही. आपला उपदेश चांगला आहे, पण माझं मन इतकं दुखावलंय की तो आत टिकत नाही, असं त्यानं नम्रपणे सांगितलं. नारद रागावले नाहीत. उलट प्रसन्न झाले आणि त्याला मंत्र दिला.

हा अध्याय आज वाचताना शाळेच्या सहली डोळ्यांपुढं आल्या. आपल्या अर्धापूर-नांदेड-लातूरकडून हैदराबाद जवळ, त्यामुळं कितीतरी शाळांची लेकरं रामोजी फिल्म सिटी पाहायला जातात. १९९६ साली सुरू झालेली, १,६६६ एकरांवर पसरलेली ही चित्रनगरी. तिथल्या एका खेळात सिनेमा कसा तयार होतो ते दाखवतात. प्रेक्षकांतून एकीला बोलावून 'शोले'मधली बसंती करतात आणि जागच्या जागी हलणाऱ्या टांग्यावर बसवतात. आणखी काही जणांना आवाज काढायला घेतात. शेवटी सगळं जोडून पडद्यावर दाखवलं की टांगा खराच पळतोय असं वाटतं.

निवेदकानं "कोण येणार?" म्हटलं की शेकडो हात वर होतात. जाते एकच. बाकीचे हात खाली येतात. परतीच्या गाडीत सगळे गाणी म्हणतात आणि एखादं लेकरू खिडकीला डोकं टेकून बसतं. विचारलं तर म्हणतं, "काही नाही." पण त्याच्या मनात एकच प्रश्न असतो, "मलाच का नाही?"

याला काय उत्तर द्यायचं? "पुढच्या वेळी मिळेल" म्हणावं, तर ते आपल्या हातात नाही. "ती पोरगी पुढं पुढं करते" म्हणावं, तर आपण लेकराच्या मनात द्वेष पेरतो. सुनीती इथं फार मोठी दिसते. तिला स्वतःलाही तेवढंच लागलं होतं, ती रडली. तरी दुसऱ्याचं वाईट चिंतू नकोस, हेच तिनं मुलाला सांगितलं. दुःख नाकारलं नाही आणि त्याला विषही होऊ दिलं नाही.

पण मंडळी, ध्रुवाची मांडी आणि सहलीतला टांगा, या दोन गोष्टी सारख्या नाहीत. टांग्यावर बसंती एकच बसणार. तिथं निवड न होणं म्हणजे कुणी नाकारणं नव्हे, जागाच एवढी. ते लेकराला हळूच, त्याचं रडू ओसरल्यावर समजावता येतं. बापाच्या मांडीवर मात्र दोघं मावले असते. तिथं जागा कमी नव्हती, मन कमी पडलं. अशा ठिकाणी "सोसायला शीक" असं लेकराला सांगणं म्हणजे राजाची चूक ध्रुवाच्या माथी मारणं.

आता आपल्याकडं पाहू. गॅदरिंगमध्ये दरवर्षी त्याच दोन-चार लेकरांना पुढं उभं करतात. जे हिंदीत अडखळतं, जे मागच्या बाकावर बसतं, त्याच्याकडं नजरच जात नाही. हा टांगा की मांडी? मला तरी ही मांडी वाटते. जागा करता येते, आपण करत नाही.

पंढरीत दोन्ही गोष्टी एकत्र दिसतात. आषाढी एकादशीला दर्शनरांगेत पुढं असलेल्या जोडप्याला मुख्यमंत्र्यांसोबत महापूजेचा मान मिळतो. त्यांच्या मागं उभे असलेलेही तितकेच तास ताटकळलेले असतात. मान एकाच जोडप्याला, तो टांगा. पण विठोबाचे पाय सगळ्यांचे. मागच्या माणसाला दर्शन थोडं कमी मिळत नाही. म्हणून मान हुकला तरी वारी वाया जात नाही.

ध्रुवाला पुढं अढळपद मिळालं. तरी नवव्या अध्यायात तो हळहळतो, एवढा मोठा देव समोर आला आणि मी मागितलं काय, तर जागा! मांडीसाठी निघालेल्या लेकराला हे कळलं, पण भगवंत भेटल्यावर. आधी कुणी "त्यात काय एवढं" म्हणालं म्हणून नव्हे.

आजचा संकल्प : घरातलं लेकरू हिरमुसून आलं, तर उपदेशाआधी त्याला जवळ घेऊ. आणि जिथं जागा करणं आपल्या हातात आहे, तिथं एका मागच्या लेकराला नावानं हाक मारू.

हे पांडुरंगा, तुझ्या दारी कुणी न निवडलेलं नाही. आमच्याही दारी तसंच असू दे.

॥ राम कृष्ण हरी ॥