नाक, कान आणि अंतर

मावशीचा फोटो मी मोबाइलवर काढला. तिने चष्मा वर सारून तो न्याहाळला आणि विचारलं, "हे बटाट्यासारखं नाक कुणाचं रे?" मी दोष लेन्सवर ढकलून मोकळा झालो. वाइड लेन्स चेहरा बिघडवते, हे पोर्ट्रेट काढणाऱ्यांचं पाठ वाक्य. पण गुन्हा लेन्सचा नव्हताच.

नाकाचा शेंडा कानांच्या साधारण १२ सेंटिमीटर पुढे असतो. कॅमेरा नाकापासून ४० सेंटिमीटरवर असेल तर कान ५२ वर पडतात आणि त्यांच्या मानाने नाक ३० टक्के मोठं उमटतं. दीड मीटरवर मागे गेलं, की हाच फरक ८ टक्क्यांवर येतो. लेन्स कुठलीही लावा, हे गणित बदलत नाही. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर २४ मिलिमीटरची वाइड लेन्स लावून डोकं-खांदे चौकटीत भरायचे, तर माणसाच्या तोंडाशी जावं लागतं. ८५ची असेल, तर सुमारे दीड मीटरवर थांबता येतं. दुकानात आपण घासाघीस लेन्सची करतो आणि घरी अंतर घेऊन येतो.

दीड मीटर म्हणजे चहाचा कप हातात धरून समोर बसलेला माणूस. बहुतेक चेहरे आपण तिथूनच ओळखायला शिकलो, म्हणून ८५ किंवा १०५ची लेन्स 'बरोबर' वाटते. स्टीव्ह मॅकरीने १९८४ मध्ये पाकिस्तानातल्या निर्वासित छावणीत हिरव्या डोळ्यांच्या अफगाण मुलीचं जे छायाचित्र टिपलं, तेही १०५च्या लेन्सने.

पोर्ट्रेटसाठी म्हणून आखलेली पहिली नावाजलेली लेन्स १८४० ची. व्हिएन्नातले गणिताचे प्राध्यापक जोसेफ पेट्झवाल यांनी ती आकडेमोडीने सिद्ध केली. तिचं अ‍ॅपर्चर एफ ३.६, म्हणजे प्रकाश आत घेणारी खिडकी त्या काळाच्या मानाने भलतीच मोठी. त्यामुळे माणसाला मिनिटंच्या मिनिटं पुतळ्यासारखं बसवण्याची गरज उरली नाही. चित्र मध्यभागी रेखीव येई, कडांकडे विरत जाई. उणीवच होती ती, पण चेहऱ्याला मानवली.

आज त्या विरण्यासाठीच लोक पैसे मोजतात. ८५च्या लेन्सवर एफ १.८ ठेवून मी मावशीचा दुसरा फोटो काढला. दीड मीटरवर स्पष्ट राहणारा पट्टा जेमतेम तीन सेंटिमीटरचा. डोळे लख्ख, कान धूसर. नाक जाग्यावर आलं. पण मागची मांडणी पुसली गेली, आणि तिच्यावरचे ते डबे, ज्यांवर मावशीचं नाव आणि लग्नाची तारीख कोरलेली आहे. मग त्याच जागेवरून ३५ची लेन्स लावली, अ‍ॅपर्चर लहान केलं. नाक तसंच नीट, आणि डबेही आले. तिसरा फोटो मला सगळ्यांत खरा वाटला.

तिन्ही फोटो मावशीच्या चार वर्षांच्या नातवापुढे ठेवले. त्याने मोबाइलवरचा उचलला. "ही आजी," म्हणाला.

मी समजावणार होतो, इतक्यात तो तिच्या मांडीवर चढला आणि तिच्या नाकाला नाक लावून काहीतरी सांगू लागला.