आपल्याच गतीनें आत्मसुधारणा: ती कोणास मानवेल?

स्वतःस सुधारावें अशी इच्छा बहुतेकांच्या मनांत केव्हां तरी उत्पन्न होते. हल्लीं त्यासाठीं पुस्तकें, टपालानें येणारे पाठ व मोबाईलवरील अभ्यासक्रमही मिळतात. त्यांत शिक्षक समोर नसतो, घंटा वाजत नाहीं. आपल्या सवडीनें व आपल्या गतीनें चालावयाचें असतें. हा मार्ग आपणांस मानवेल कीं नाहीं, हें अगोदर कसें ओळखावें? याविषयीं एका प्रसिद्ध गृहस्थाचा अनुभव विचार करण्याजोगा आहे.

अमेरिकेंतील फिलाडेल्फिया शहरीं बेंजामिन फ्रँकलिन (१७०६–१७९०) हा छापखान्याचा धंदा करीत असे. तरुणपणीं त्यानें आपले दोष घालविण्याचा निश्चय केला. मिताहार, मौन, व्यवस्थितपणा, काटकसर, उद्योग इत्यादि १३ सद्गुणांची यादी करून त्यानें एक लहान वही आंखली. दर आठवड्यास एका सद्गुणाकडे विशेष लक्ष द्यावें व रोज सायंकाळीं झालेल्या चुकीबद्दल काळा ठिपका मांडावा, असा त्याचा नियम होता. १३ आठवड्यांची एक फेरी, म्हणजे वर्षांत चार फेऱ्या होत.

वृद्धपणीं लिहिलेल्या आत्मचरित्रांत तो कबूल करितो कीं, पूर्णत्व हातीं आलें नाहीं, व्यवस्थितपणा तर फारच थोडा साधला. तरी त्या प्रयत्नानें आपण अधिक चांगले व सुखी झालों. तेथेंच त्यानें एक गोष्ट सांगितली आहे. एका मनुष्यानें लोहाराकडून कुऱ्हाड घेतली व धारेप्रमाणें तिचें सर्व अंग चकचकीत करून मागितलें. लोहार कबूल झाला, पण धार लावण्याचें चाक गिऱ्हाइकानें फिरवावें असें ठरलें. फिरवितां फिरवितां तो थकला. अजून ठिपके राहिले आहेत, असें लोहारानें सांगतांच, आपणांस ठिपक्यांचीच कुऱ्हाड आवडते, असें म्हणून तो चालता झाला!

वाचकहो, आपल्या गतीनें चालण्यांत मोठा धोका हाच आहे. थकणें हा अपराध नव्हे. थकव्यास आवड असें नांव देणें हा अपराध होय. विचारणारा कोणी नसला म्हणजे असें नांव बदलणें फार सोपें जातें.

दुसरीही एक गोष्ट लक्षांत घ्यावी. फ्रँकलिनच्या यादींत प्रथम बाराच सद्गुण होते. तो गर्विष्ठ आहे हें एका क्वेकर मित्रानें उदाहरणें देऊन दाखविलें, तेव्हां तेरावा सद्गुण, नम्रता, यादींत आला. जो दोष आपणांस ठाऊक असतो तोच आपल्या वहींत येतो. न दिसणाऱ्या दोषासाठीं दुसऱ्याचे डोळे लागतात. शिवाय १७२७ सालीं त्यानें एक मित्रमंडळ स्थापिलें होतें व तें दर शुक्रवारीं सायंकाळीं जमत असे. म्हणजे वही एकट्याची असली, तरी मनुष्य एकटा नव्हता.

म्हणून पैसे भरण्यापूर्वीं स्वतःस तीन प्रश्न विचारावे. सुधारावयाची गोष्ट इतकी स्पष्ट आहे काय, कीं सायंकाळीं ती झाली अथवा नाहीं हें सांगतां येईल? कोणी न विचारतां मीं पूर्वीं एखादें काम शेवटास नेलें आहे काय? आणि माझा दोष तोंडावर सांगणारा एक तरी सोबती मला आहे काय? तिन्हींस होय असें उत्तर आल्यास खुशाल आरंभ करावा. दुसऱ्यास नाहीं असें आल्यास लाज मानूं नये. ठरलेल्या वेळीं चारचौघांत बसून शिकणें त्यास अधिक मानवेल. संशय असल्यास एकच आठवडा एक कोरी वही आंखून पाहावी. तिला फी पडत नाहीं. आणि सातव्या सायंकाळीं तींत ठिपके असोत वा नसोत, ती रोज उघडली गेली कीं नाहीं, हेंच खरें उत्तर होय.